पार्ट गोळा करायच्या आधी जोतिबाचा चढ मोजा

रंकाळ्यावर सकाळी सायकल टेकवून उभं राहिलं की कोण ना कोण येतंच. आधी हँडल हलवून बघणार, मग टायरवर अंगठा दाबणार, आणि मग ठरलेले दोन प्रश्न, "केवढ्याला पडली?" आणि "गिअर किती हायत?" पहिल्याचं खरं उत्तर मी घरात पण दिलेलं नाही. दुसऱ्याचं देतो, बावीस. त्यावर परवा एक काका म्हणाले, "हात्तिच्या, बावीसच? आमच्या नातवाच्या सायकलीला एकवीस हायत की!" आणि पुढं चालायला लागले.

आता काकांचं काय चुकलं? काहीच नाही. गिअर किती हे मोजण्यात अर्थच नाही एवढंच. घरात चमचे किती आहेत यावरनं जेवण कसं असेल ते कळतं का, तसंच. विचारायचं असेल तर सगळ्यात हलका गिअर केवढा आणि सगळ्यात जड केवढा हे विचारायला पाहिजे, आणि त्यातपण हलका आधी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझ्या आतेभावाला रोड बाईक जुळवायचीय. तयार घ्यायची नाही, फ्रेम वेगळी, ग्रुपसेट (म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच) वेगळा, चाकं वेगळी, असं एकेक जमवून. पठ्ठ्यानं वहीत यादी करून आणलेली, पहिल्या ओळीत "कार्बन व्हील" आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात "कॅसेट ११-२८ (बघू)". मी म्हटलं ही यादी उलटी कर, शेवटून वर वाचायला लाग. मग दोन मिसळी आणि तीन चहा होईपर्यंत त्याला जे सांगितलं ते इथं लिहितोय, ज्याला उपयोग होईल त्याला होईल.

सुरुवात दातांपासून. पायडलजवळ जे मोठं चक्र असतं ती चेनरिंग, रोड बाईकला बहुतेक दोन असतात. मागच्या चाकाला चक्र्यांची चळत असते ती कॅसेट. प्रत्येक चक्रावर दात असतात आणि सगळा खेळ त्या दातांच्या भागाकाराचा आहे. पुढं ५० दात आणि मागं २५ असतील तर पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक दोन वेळा फिरणार, ५० भागिले २५, संपलं. आता चाकाचा घेर किती? ७०० बाय २८ च्या टायरला साधारण २.१४ मीटर. म्हणजे त्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटर अन् थोडं वर जाते. ५०/३४ म्हणतात ते पुढच्या दोन चक्रांचे दात, ११-२८ म्हणतात ते मागच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्रीचे दात, यापलीकडं त्या आकड्यांत काही गूढ नाही.

एका फेऱ्यात किती मीटर, हा आकडा डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप उलगडतं. पुढं ५० मागं ११ असेल तर फेऱ्याला ९.७ मीटर. पुढं ३४ मागं ३४ असेल तर भागाकार एक, म्हणजे फेऱ्याला २.१४ मीटरच. दोन्हीत साडेचारपटीचा फरक. मधले सगळे गिअर म्हणजे या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या. बावीस असल्या काय, चोवीस असल्या काय, त्यातल्या कित्येक तर एकमेकींवर चढलेल्या असतात, पुढच्या मोठ्या चक्रावरचा एखादा गिअर आणि लहान चक्रावरचा एखादा गिअर जवळपास सारखेच निघतात.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटत नाही.

मी पहिली सायकल जुळवली तेव्हा एकाकडं जुनी ५३/३९ ची क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे आणि चेनरिंग, स्वस्तात मिळाली. रेसवाले हेच वापरायचे असं कुठंतरी ऐकलेलं, मागं ११-२५ कॅसेट लावली, नाद खुळा दिसत होती सायकल. रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, कागलपर्यंत जाऊन आलो, वाटलं जमलं की सगळं. मग एका रविवारी केर्लीवरनं आत वळून जोतिबाचा डोंगर धरला. दर्शनाला चाललेल्या गाड्या, गुलालानं माखलेली माणसं परत येतायत, "चांगभलं"चा गजर चाललाय, आणि मी सगळ्यात हलक्या गिअरवर, म्हणजे पुढं ३९ मागं २५, उभा राहून एकेक पायडल ढकलतोय. एक वळण झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला पायडल वर आलं आणि तिथंच थांबलं. बूट पायडलमधनं सुटेना, तळव्याची क्लीट म्हणजे खटका पायडलमध्येच अडकलेला. आडवा. नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसलेल्या एका आजींनी गाडी थांबवायला लावली आणि काळजीनं विचारलं, "लेकरा, बंद पडली व्हय रं गाडी?" हो म्हटलं, बंद पडली. पुढचा चढ क्लीटचे बूट डांबरावर टकटक वाजवत, सायकल हातात धरून, घोडं निघाल्यासारखा चाललो.

तेव्हा वाटलं आपल्यात दम नाही. घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा कळलं की दम नव्हता ते खरंच, पण त्या गिअरला जेवढा दम लागत होता तेवढा शंभरातल्या नव्वदांकडं नसतोच. तो हिशोब असा. मी ७४ किलो, सायकल ९, पाणी, पंप, ट्यूब वगैरे धरून एकूण ८५ किलो. चढ समजा ८ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढं गेलं की आठ मीटर वर. पायडलचे मिनिटाला ६० फेरे धरू, म्हणजे सेकंदाला एक, तेपण हळूच म्हणायचे. ३९/२५ ला फेऱ्याला ३.३ मीटर, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. ८५ किलो ओझं ८ टक्के चढावर ताशी १२ नं न्यायला साधारण २४० वॅट लागतात. वॅट म्हणजे बल्बवाला वॅटच, वेगळं काही नाही. आणि नोकरीधंदा सांभाळून आठवड्यातनं दोन-तीनदा सायकल काढणारा माणूस अर्धा तास सलग १५०-१८० काढू शकला तरी मी त्याला नमस्कार करीन.

आता तेच पाय, तोच चढ, फक्त पुढं ३४ मागं ३४. मिनिटाला तेच ६० फेरे. वेग होतो ताशी ७.७ आणि लागतात साधारण १५५ वॅट. पोचतो. उशिरा पोचतो, पण सायकलवर बसून पोचतो. आजींना थांबायची गरज नाही.

कोण म्हणेल की मग जड गिअरमध्येच हळू फेरे मार ना, वेग तोच राहील. बरोबर, राहील. पण विहिरीतनं पाणी शेंदायचं असेल तर एक मोठी घागर एका दमात ओढणं आणि दोन कळश्या दोनदा ओढणं यात पाणी सारखंच वर येतं, पाठीला विचारा फरक काय ते. मिनिटाला ६० चे ४० फेरे झाले की प्रत्येक फेऱ्याला दीडपट जोर, आणि तो सगळा गुडघ्याच्या वाटीवर. चढावर ७० च्या आसपास फेरे जमले तर उत्तम, ६० चालतंय, ५० च्या खाली गेलं की समजायचं गिअर संपले आणि आता गुडघे खर्च व्हायला लागले.

यात एक मर्दानगीची भानगड आहे ती वेगळीच. मोठं चक्र म्हणजे मोठा सायकलवाला. हे आपल्या तालमीतल्या खुमखुमीपुरतं आहे असं समजू नका, १९०३ साली टूर द फ्रान्स सुरू करणारे हेन्री देग्रांज यांचं मत होतं की बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत. त्या शर्यतीत १९३७ पर्यंत व्यावसायिकांना डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरनं दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वापरू देत नव्हते. चढ आला की खाली उतरायचं, मागचं चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, दुसऱ्या बाजूला मोठी चक्री असायची. पिरनीज पर्वतात थंडीत बोटं आखडलेली असताना हे करायचं, म्हणजे बघा. आज टूरमध्ये पळणारे, ज्यांच्या पायात आपल्या दुप्पट वॅट आहेत, ते मोठ्या घाटाच्या दिवशी मागं ३० नि ३४ ची चक्री बिनधास्त लावतात. आणि आपण कोल्हापुरात ११-२५ लावून पन्हाळ्याला निघतो!

तर आतेभावाला पहिली गोष्ट हीच विचारली, तू जाणार कुठं? रंकाळा, कळंबा, कागल एवढंच असेल तर काहीपण लाव. पण तो म्हणाला पन्हाळा, जोतिबा, आणि एकदा गगनबावडा करून खाली कोकणात उतरायचं. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपेक्षा चारशे मीटर वर आहे, वाघबीळपासनं पुढं खरी परीक्षा. गगनबावड्याचं तर उलटंच आहे, कोल्हापूरकडनं जाताना फार चढ जाणवत नाही, करूळ घाट झुर्रकन उतरून वैभववाडीला जातो माणूस, वडा-चहा होतो, आणि मग लक्षात येतं की आता तोच घाट परत चढायचाय, दुपारच्या उन्हात, सत्तरेक किलोमीटर झालेल्या पायांनी. हलका गिअर निवडताना ताजे पाय धरायचे नाहीत, हे परतीचे पाय धरायचे.

मग पर्याय काय काय? पुढच्या चक्रांत ५३/३९ म्हणजे जुनं स्टँडर्ड, ५२/३६ सेमी कॉम्पॅक्ट, ५०/३४ कॉम्पॅक्ट, आणि त्याच्या खाली ४८/३२, ४६/३० असले सब-कॉम्पॅक्ट. माझं मत विचाराल तर आपल्या भागात, तिशी-चाळिशीतल्या, नवीन माणसाला ५०/३४ च्या वर जायचं काही कारण नाही. "पण दादा, मग सपाटीला स्पीड कमी पडंल की", हा आतेभावाचा प्रश्न. घे हिशोब. ५०/११ ला फेऱ्याला ९.७ मीटर, मिनिटाला ९० फेरे, ताशी ५२ किलोमीटर. कागल रोडला तू ५२ नं किती वेळ चालवणार आहेस? उताराला जाईल तेवढा, आणि उताराला पायडल मारत बसण्यापेक्षा ब्रेकवर बोटं ठेव, आत्या मलाच विचारायला येईल.

मागच्या कॅसेटमध्ये मात्र खरंच द्यावं-घ्यावं लागतं, आणि इथं सांगणारे फार कमी. अकरा स्पीडच्या, म्हणजे मागं अकरा चक्र्यांच्या, ११-२८ मध्ये चक्र्या असतात ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. आणि ११-३४ मध्ये ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. दोन्ही अकराच. वरच्या टोकाला ३४ पाहिजे असेल तर मधनं १२ आणि १४ गेले. याचा त्रास कुठं होतो, तर सपाटीला चारपाच जणांच्या टोळक्यात एका लयीत चाललेलं असताना. १५ वर ९० फेरे मारताय, थोडं हलकं वाटतंय म्हणून एक गिअर टाकला की डायरेक्ट १३, त्याच वेगाला फेरे ७८ वर येतात, पाय एकदम जड. मग परत १५. असं वरखाली करत बसावं लागतं, जिना चढताना एखादी पायरी उंच असली की कसं होतं, तसं. रोज सपाटीवर जोरात चालवणाऱ्याला हे खरंच छळतं. बारा स्पीडमध्ये जी एक चक्री वाढली ती इथं कामाला आली, पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या बारा स्पीड ११-३४ मध्ये ११, १२, १३, १४, १५, १७ अशी खालची ओळ भरलेली आहे. म्हणजे गिअरची संख्या अगदीच फालतू नाही, काका थोडे बरोबर होते, पण ती संख्या पायऱ्यांची उंची ठरवते, जिना किती उंच जातो ते नाही.

आता एवढं ठरलं की मागचा डिरेलर. इथं पैसे पाण्यात जातात. प्रत्येक डिरेलरला दोन मर्यादा असतात, एक म्हणजे मोठ्यात मोठी चक्री केवढी चालेल, आणि दुसरी कपॅसिटी, म्हणजे चेनचा किती ढिलेपणा तो ओढून धरू शकतो. कपॅसिटी काढायची सोपी बेरीज आहे, पुढच्या दोन चक्रांतला फरक अधिक मागच्या मोठ्या-लहान चक्रीतला फरक. ५०/३४ चा फरक १६, ११-३४ चा फरक २३, बेरीज ३९. आता शिमानोच्या १०५ नावाच्या ग्रुपसेटचा अकरा स्पीड आर-७००० डिरेलर दोन प्रकारात येतो. पिंजरा म्हणजे डिरेलरचा चेन ताणून धरणारा खालचा लोंबता भाग. आखूड पिंजऱ्याचा एसएस, त्याला मोठी चक्री ३० पर्यंत आणि कपॅसिटी ३५. लांब पिंजऱ्याचा जीएस, त्याला ३४ पर्यंत आणि कपॅसिटी बरोब्बर ३९. दोन्ही फोटोत सारखेच दिसतात, सेकंडहँडवाला "१०५ आहे, एकदम कडक" एवढंच सांगणार. मागच्या बाजूला एसएस का जीएस कोरलेलं असतं ते बघा, त्याचा फोटो मागवा, नाही पाठवला तर सोडून द्या.

आणि चेन मापायची कशी तर पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरनं, डिरेलरमधनं न ओवता, नुसती गुंडाळायची, जिथं जुळते त्याच्यापुढं दोन कड्या जास्त ठेवून तोडायची. जुन्या ११-२५ ची चेन तशीच ठेवून नवीन ३४ ची कॅसेट लावली आणि चुकून मोठं-मोठं पडलं तर चेन ताणून डिरेलरच उपटतो, सोबत फ्रेमचा हँगर. हँगर म्हणजे डिरेलर जिथं लटकतो तो छोटा अॅल्युमिनियमचा कान. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. फ्रेम घेतानाच एक जादा हँगर घेऊन ठेवा, आणीबाणीला कोल्हापुरात मिळेल या भरवशावर राहू नका.

मिसळमिसळीचा विषय निघालाच आहे तर, वेगवेगळ्या ग्रुपसेटचे पार्ट एकत्र करताना बघायचं काय? शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याचा, एक टिचका दिला की केबल किती ओढली जाते आणि तेवढ्या केबलला डिरेलर किती सरकतो, हे जोडीनं ठरलेलं असतं. शिमानोच्या रोडच्या ८, ९ आणि जुन्या १० स्पीडचं हे प्रमाण एकच, आणि एमटीबीच्या, म्हणजे डोंगरी सायकलीच्या, ९ स्पीड डिरेलरचंपण तेच, म्हणून शिमानोच्याच सोरा ग्रुपसेटच्या शिफ्टरला जुना एमटीबी डिरेलर लावून मागं भलीमोठी चक्री चालवायचा जुगाड बिनबोभाट चालतो. पण टियाग्रा ४७०० हा शिमानोचाच ग्रुपसेट दहा स्पीडचा असूनसुद्धा त्याचं प्रमाण अकरा स्पीडवाल्यांच्या जातीतलं आहे, म्हणजे जुन्या टियाग्रा ४६०० चा शिफ्टर आणि ४७०० चा डिरेलर, दोन्ही टियाग्रा, दोन्ही दहा, आणि जुळत नाहीत. सख्खे भाऊ पण बोलत नाहीत एकमेकांशी. यात माझ्या एका मित्राचे दोन रविवार गेले, स्क्रू फिरवून फिरवून.

कॅसेट ज्या नळीवर बसते त्या फ्रीहबचंपण असंच. अकरा स्पीडची रोडची नळी जुन्या ८-९-१० वाल्यापेक्षा १.८५ मिलिमीटरनं लांब असते. नव्या नळीवर जुनी कॅसेट एक वायसर टाकून बसते, उलटं साधारणपणे होत नाही. गंमत अशी की शिमानोची ती अकरा स्पीड ११-३४ अपवाद आहे, मोठी चक्री आत स्पोकच्या दिशेला कललेली असल्यामुळं ती जुन्या आखूड नळीवरपण बसते आणि नव्या नळीवर बसवायला उलट तिलाच वायसर लागतो. आपल्याला जी कॅसेट हवीय तीच नेमकी जुन्या चाकावर चालते म्हटल्यावर आतेभावाच्या यादीतली नवीन चाकं तिथंच कटाप झाली.

म्हणजे तो लगेच कबूल झाला असं नाही. कार्बन व्हील घेतली तर एक किलो वजन कमी होतं म्हणे. होऊ दे. ८५ चे ८४ झाले, चढावरचं काम सव्वा टक्क्यानं कमी झालं, अर्ध्या तासाच्या चढाला वीस-एकवीस सेकंद वाचली. तेवढ्यासाठी केवढे पैसे? मिसळीबरोबरचा जादा पाव सोडला तरी... जाऊ दे. आणि कार्बनच्या रिमवर गट्टू घासणारे ब्रेक असतील तर लांब घाट उतरताना रिम तापते, तापून रिमच बिघडल्याची उदाहरणं आहेत. करूळ घाट उतरताना मला तो विचार डोक्यात नको.

ब्रेकवरनं आमचं थोडं वाजलं. मी स्वतः रिम ब्रेकवाला, हलके, साधे, केबल तुटली तर कुठल्याही दुकानात मिळते. पण नवीन फ्रेम घ्यायची असेल तर आता डिस्कच घ्या असंच सांगेन, आणि कारण गगनबावड्याचा पाऊस. रिम ओली असली की ब्रेक दाबल्यावर पहिला एखादा क्षण काहीच होत नाही, मग गट्टू पाणी पुसतात आणि मग धरतात, त्या एका क्षणात वळण येतं. शिवाय तांबड्या मातीचा रबडा रिमवर बसला की पॉलिश पेपरसारखा रिम आणि गट्टू दोन्ही खातो. हायड्रॉलिक चांगले, पण तेल भरायचं काम, त्याला ब्लीडिंग म्हणतात, शिकून घ्या किंवा येणारा माणूस आधी शोधून ठेवा, आणि शिमानोला मिनरल ऑईल लागतं, गाडीचं ब्रेक ऑईल त्यात ओतायचं नाही. एक लक्षात ठेवा, डिस्कची आणि रिमची चाकं अदलाबदल होत नाहीत. रिमवाल्या फ्रेमला मागं १३० मिलिमीटरची जागा असते, आत्ताच्या डिस्कवाल्याला १४२ आणि आरपार जाणारा १२ मिलिमीटरचा जाड एक्सेल. म्हणून ब्रेक आधी, फ्रेम नंतर, चाकं त्याच्यानंतर.

टायरला मी अडून बसलो. २५ मिलिमीटर रुंद नको, २८ कमीत कमी, फ्रेममध्ये ३२ ची जागा असेल तर सोन्याहून पिवळं. उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर काय काय असतं ते सांगायला नको, ट्रॉलीतनं पडलेली कांडी, पाचट, बांधावरच्या बाभळीचे काटे, आणि ट्रॅक्टरवाला गाणी लावून निघालेला, त्याला मागचं काही ऐकू येत नाही, कडेला खडीत उतरावं लागतं ते आपल्यालाच. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, खडबडीत रस्त्यावर सायकल उड्या मारत नाही, हात बधिर होत नाहीत. "रुंद म्हणजे स्लो" हे गुळगुळीत रस्त्यावरचं शास्त्र आहे, तो रस्ता मिळाला की मला पण सांगा.

चाकांचं थोडक्यात, साधी अॅल्युमिनियमची रिम, २८ किंवा ३२ स्पोक. २० स्पोकच्या चाकाचा एक तुटला की चाक लगेच वाकडं होऊन फ्रेमला घासतं. ३२ वाल्याचा तुटला तर ब्रेक जरा ढिला करून घरी येता येतं.

फ्रेमबद्दल लोक स्टील, अॅल्युमिनियम, कार्बन यावर तासन्‌तास बोलतात. मी तीनच गोष्टी बघतो, माप अंगाला बसतं का, टायरला जागा किती, आणि बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे का दाबून बसवायचा. बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँक जिथं फिरते ते खालचं बेअरिंग. आट्यांवर फिरवून बसवतात तो बीएसए, ६८ मिलिमीटर रुंद, कुठंही मिळतो, कधीही खोलता येतो. दाबून बसवायचा तो प्रेसफिट, त्यात भोकाच्या मापात केसभर फरक पडला तरी एका पावसाळ्यानंतर प्रत्येक पायडलला कुईकुई सुरू, आणि तो आवाज डोक्यात जातो. माझ्याकडं एक प्रेसफिट आहे, त्याचं बेअरिंग सरळ दाबायला उद्यमनगरात लेथवर एक बुश करून घेतलाय, अर्ध्या तासात करून दिला माणसानं, हे सुख कोल्हापुरात आहे. पण गरज काय? बीएसए घ्या. फक्त त्याची उजवी बाजू, चेनकडची, उलट्या आट्यांची असते. एका दुकानात माझ्यादेखत मिस्त्रींनी ती नेहमीच्या दिशेनं खोलायला घेतली, सुटेना म्हणून पान्याला तीन फुटी पाईप लावला, मी "मामा, उलटं हाय ते" म्हणेपर्यंत कट्‌ आवाज आला. ती फ्रेम अजून माळ्यावर आहे.

शेवटी आतेभाऊ म्हणाला, "दादा, हे सगळं तुझ्या पायाचं झालं, माझ्या पायाला काय लागतंय ते कसं कळणार?" हा प्रश्न मला आवडला. म्हटलं उद्या माझी जुनी सायकल घेऊन जा, पुढं ३४ मागं २८ आहे. जोतिबाच्या ज्या वळणावर सगळ्यात जास्त दमशील तिथं मोबाईलवर एक मिनिट लावून उजवा पाय किती वेळा खाली गेला ते मोज.

दुसऱ्या दिवशी फोन आला, धापा टाकतच. ५२.

३४ भागिले २८ म्हणजे १.२१. त्याला त्याच वेगात ७० फेरे पाहिजेत, तर १.२१ गुणिले ५२ भागिले ७०, आलं ०.९. मागं ३४ ची चक्री लावली तरी पुढं ३४ असेल तर १ च होतो, पुरत नाही. पुढंच ३० पाहिजे, ३० भागिले ३४ म्हणजे ०.८८. म्हणजे शिमानो जीआरएक्सची ४६/३० क्रँक, खडीच्या रस्त्यावरच्या ग्रॅव्हल सायकलींसाठी काढलेली. तिची चेनरिंग अडीच मिलिमीटर बाहेर असते म्हणून पुढचा डिरेलरपण जीआरएक्सचाच घ्यायला लागतो. मागची बेरीज मात्र तीच, ४६ वजा ३० सोळा, अधिक तेवीस, एकोणचाळीस, तोच जीएस चालतो. आणि ४६/११ ला ९० फेऱ्यांवर ताशी ४८ जातंय, आत्याला तेवढं बास.

"पण दादा, ३० दात... पोरं हसतील की रं."

म्हटलं हसू देत, वर गेल्यावर हसतील ना, वाट बघत बस त्यांची. गप्प झाला जरा. संध्याकाळी वहीचा फोटो पाठवला, पहिल्या ओळीत ४६/३०, दुसऱ्या ओळीत ११-३४, आणि कार्बन व्हील खोडलेलं, पण एकाच रेघेनं, वाचता येईल असं.